लांबणीची वाटणी

दोरवाल्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे बाप. तो या गावात आला तेव्हा त्याच्या अंगावरचे कपडे आणि पीळ देणारी दहा बोटं यापलीकडे त्याच्याजवळ काही नव्हतं. दोर वळणाऱ्याचं काम मोठं विचित्र. कमरेभोवती तागाचा भारा गुंडाळायचा, त्याचं एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, दुसऱ्याने चाक फिरवायचं आणि आपण बोटांतून ताग सोडत मागे मागे चालत जायचं. जेवढं मागे जाल तेवढा धागा लांब. गावात बापाबद्दल एक चेष्टा रूढ होती, की हा माणूस जन्मभर मागे चालला आणि सगळ्यांच्या पुढे गेला.

चेष्टा खरी होती. म्हातारा होईतो त्याने गावाच्या कडेला एक अरुंद, सरळसोट पट्टी घेतली, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पर घातलं आणि तिथे दोर वळायला सुरुवात केली. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसे. या जागेला घरातले आणि गावातले सगळेच ‘लांबण’ म्हणत. लांबणीच्या रस्त्याकडच्या टोकाला चाक होतं आणि मागच्या गल्लीकडच्या टोकाला डांबराची कढई. मधे नुसती लांबी. आणि या धंद्यात लांबी हेच सगळं. तीन पेड एकत्र वळले की लांबीतला तिसरा हिस्सा पिळातच जातो. खाणीवरच्या दगड उचलायच्या यंत्राला, नदीवरच्या मोठ्या नावांना, गिरणीच्या चाकांना अखंड दोर लागतो. मधे सांधा असला की तो कप्पीत अडकतो आणि मग वरचा दगड खालच्या माणसाची विचारपूस करत नाही.

बापाला तीन मुलं. थोरला मुलगा, मधली मुलगी आणि बऱ्याच वर्षांनी झालेला धाकटा. थोरला बोलघेवडा, अंगाने भरलेला, बाहेरची सगळी कामं त्याची: ताग बघून घ्यायचा, गिऱ्हाइकं जोडायची, खाणवाल्यांशी गप्पा मारायच्या. धाकटा लांबणीतच वाढला. त्याला पीळ डोळे मिटून कळायचा. मधली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे शिंप्याच्या घरात दिली होती, म्हणजे दिली असं म्हणायचं. दिवसातून एक फेरी माहेरी असायचीच.

ही गोष्ट धाकट्याची. धाकटा हे त्याचं नाव नव्हे, पण गावाने त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. केस पिकले, दाढा पडल्या, तरी तो धाकटाच. या एका शब्दावर त्याने जन्मभर जेवढे दातओठ खाल्ले तेवढे दुसऱ्या कशावर खाल्ले नसतील.

बाप गेला तेव्हा त्याने वाटणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सगळं आईवर आलं. आई फार सरळ बाई. दोन मुलांना भाकर वाढतानासुद्धा ती दोन्ही तुकडे उजेडात धरून बघायची. घराची वाटणी सोपी होती. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला, जिना दोघांचा. लांबणीपाशी आल्यावर तिने दोर मागवला, लांबण या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, दोर दुमडला आणि बरोबर मध्यावर एक खुंटी ठोकायला लावली. रस्त्याकडची अर्धी धाकट्याची, गल्लीकडची अर्धी थोरल्याची.

धाकटा म्हणाला, की आई, वाटायचीच तर उभी वाट, दोघांना अरुंद पण लांब पट्टी मिळेल. त्यावर थोरला म्हणाला, उभी वाटली तर मध्यावर कडेला आहे ती विहीर एकाच्याच पट्टीत येते आणि दुसऱ्याच्या पट्टीत फक्त तिचा ओलावा. आईला ते पटलं. शिवाय तिचं म्हणणं असं, की भाऊ एकत्र कामं करतात तोवर खुंटी कुठे आहे याला काय महत्त्व.

आणि काही वर्षं खरोखरच नव्हतं. दोघं भाऊ खुंटीला वळसा घालून काम करत होते. मग खाणीवरचा दोर तुटला.

तो दोर लांबणीतून जाऊन फार दिवस झाले नव्हते. वर चढवलेला दगड मधूनच खाली आला आणि एका खाणकामगाराच्या पायावर पडला. माणूस वाचला, पाय मात्र कामातून गेला. खाणीचा मुकादम स्वतः आला, तुटलेला तुकडा त्याने लांबणीच्या दारात टाकला आणि एक शब्द न बोलता परत गेला. तो चार शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याला पुढे कितीदा तरी वाटलं. मग दोघं भाऊ मिळून त्याच्यावर तरी चिडले असते.

धाकट्याने तुकडा उचलला, तुटलेलं टोक उसवून नाकाशी नेलं आणि म्हणाला, “ताग ओला होता. आतून कुजलाय.”

थोरल्याने तोच तुकडा हातात घेतला, पेड बोटांनी चाळवले आणि म्हणाला, “ताग काय करेल? पीळ सैल आहे.”

ताग आणला होता थोरल्याने. पीळ दिला होता धाकट्याने.

तिथून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. आधी लांबणीत, मग जिन्यात, मग दोन्ही मजल्यांवर. अक्का मधे पडली आणि म्हणाली, दोघांचंही थोडं थोडं असेल. त्याबरोबर दोघंही एकदम तिच्यावर उलटले. त्या आठवड्यात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. शेवटी सुऱ्याने त्या तुटक्या तुकड्याचे दोन भाग झाले आणि पुरावा म्हणून अर्धा अर्धा दोघांनी नेला. पुढच्या सोमवारी धाकटा कामावर आला तर आईच्या खुंटीच्या रेषेवर गवंडी विटा रचत होता. थोरला जवळ उभा राहून त्याला ओळंबा नीट धरायला सांगत होता.

“दादा, हे काय?”

“माझ्या हद्दीत बांधतोय,” थोरला म्हणाला. “तुझा पीळ तुझ्याकडे, माझा ताग माझ्याकडे.”

भिंत छपरापर्यंत गेली. गावाला आयता विषय मिळाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण दोरवाल्यांच्या बाबतीत वापरायला काही अक्कल लागत नव्हती, त्यामुळे जो तो वापरायचा. धाकट्याला ती रस्त्यात ऐकू यायची, न्हाव्याकडे ऐकू यायची, आणि एकदा तर त्याच्या मुलीने ती शाळेतून शिकून आणली.

आता अर्ध्या लांबणीत काय होतं? विहिरीचे दोर, जनावरांची दावी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. थोरल्याकडेही तेच. ज्या घराण्याचे दोर दगड उचलत, त्याच्या दोन्ही शाखा आता गावच्या बायकांच्या ओल्या चादरी तोलत होत्या. मोठं काम दुसऱ्या गावच्या दोरवाल्याकडे गेलं. त्याचा दोर धाकट्याने एकदा मुद्दाम जाऊन पाहिला. बरा होता. नुसता बरा. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

हात बांधून बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने भिंतीला कप्पी ठोकली आणि धागा तिच्यावरून वळवून परत चाकाकडे आणायचं ठरवलं, म्हणजे अर्ध्या जागेत पुरी लांबी. धागा आला, पण पीळ काही कप्पीला वळसा घालेना. अलीकडे दोर आवळून काठीसारखा आणि पलीकडे भुसभुशीत, म्हाताऱ्याच्या दाढीसारखा. मग त्याने गावाबाहेरच्या नदीकाठच्या वाटेवर चाक नेलं. तिथे पहिल्या दिवशी शेळ्यांनी ताग खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताणलेल्या दोराला एका टांग्याचा घोडा अडखळला, आणि टांग्यात नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांना काही लागलं नाही, टोपी तेवढी चिखलात गेली, पण दुसऱ्या दिवशी सार्वजनिक रस्त्यावर दोर वळायला बंदी झाली.

घरी परत आल्यावर जिना. जिना दोघांचा होता ना. थोरला खाली राहायचा, त्याला जिन्याची काही गरज नव्हती, पण जिन्याखाली त्याने लाकडं रचली होती आणि धाकटा घरी यायच्या वेळेलाच त्याला लाकडं आठवायची. मग एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने त्या पाठीमागून सरकायचं. दोन्ही पोटं वाढत चालली होती, जिना होता तेवढाच होता. घसटून जावं लागे, पण बोलणं नाही. वहिनी मात्र त्याच्या बायकोशी बोलायची, मुलं एकमेकांकडे जेवायची, आई एक महिना खाली आणि एक महिना वर राहायची. भांडण फक्त दोन माणसांचं होतं आणि त्या दोघांचंच सगळ्या घरावर राज्य होतं.

आईला शेवटपर्यंत कळलं नाही की तिचं चुकलं काय. ती वरच्या महिन्यात धाकट्याला म्हणायची, “मी दोघांना सारखं दिलं ना रे?” आणि तो म्हणायचा, सारखंच दिलंस आई. मनात यायचं, थोडं कमीजास्त दिलं असतंस तर निदान एकाचा तरी धंदा चालला असता. पण ते तो बोलत नसे.

भिंतीला भोक पाडायची कल्पना त्याचीच. भिंत राहू दे, फक्त दोर जाईल एवढं भोक असलं की झालं. चाक इकडे, दुसरं टोक तिकडे. काम वाटून घ्यायचं, तोंड बघायची गरज नाही. ही कल्पना त्याने अक्काच्या हाती खाली पाठवली. अक्का निरोप घेऊन गेली आणि निरोप घेऊन आली: भोकाला हरकत नाही, पण आधी धाकट्याने कबूल करावं की खाणीच्या दोराचा पीळ सैल होता.

“मग तू त्याला सांग,” धाकटा म्हणाला, “ताग कुजका होता हे कबूल कर, मी स्वतः पहार घेऊन येतो.”

अक्काचे असे किती हेलपाटे झाले याचा हिशेब तिच्या चपलांनाच माहीत. वर्षं गेली. भिंतीचा गिलावा काळा पडला. धाकट्याची मुलगी लग्नाची झाली. आणि एक दिवस नदीवर नवी तर, म्हणजे माणसं-गाड्या पलीकडे नेणारी नाव, सुरू करणारा माणूस गावात आला.

हा तरवाला उंच, धीमा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याला नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच अखंड दोर हवा होता. त्या दोराला धरून तर इकडून तिकडे जायची होती. दोर जाड, डांबरात बुडवलेला आणि सांध्याशिवाय. दुसऱ्या गावच्या दोरवाल्याची जागासुद्धा एवढ्या लांबीला पुरत नव्हती. तरवाल्याने लांबण बाहेरून पाहिली, छपराची लांबी नजरेने मोजली, आत आला आणि मधे भिंत बघून थबकला. भिंत कशाला, असं त्याने विचारलं. धाकट्याने सांगितलं, घरगुती आहे. तरवाला पलीकडच्या गल्लीतून थोरल्याकडे गेला. तिथेही त्याला हेच उत्तर मिळालं. दोघांनीही दोर द्यायचं कबूल केलं. दोघांनाही तो देता येणार नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी अक्का वर आली. दम लागलेला होता. बसली, पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसत सहज म्हणाली, “दादा म्हणतोय, ताग थोडा ओला असेल म्हणून.”

धाकटा जागचा उठला. “काय म्हणाला? परत सांग.”

“ओला असेल थोडा. वय झालंय आता त्याचं. तू उगाच तोंडावर काढू नकोस. त्याला लागेल.”

धाकटा खिडकीपाशी गेला. इतक्या वर्षांचा राग असा एकदम कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. मग तो वळून म्हणाला, की नाही काढणार, मी काय लहान आहे? सकाळी पहार पाठव म्हणावं.

भोक पडलं. धाकट्याने अलीकडून ठोकलं, थोरल्याने पलीकडून गवंड्याकडून ठोकून घेतलं. धुरळा बसला तेव्हा त्या भोकातून गल्लीकडचा उजेड आला, आणि त्यात थोरल्याचं धोतर आणि काठी तेवढी दिसली.

मग जे दिवस गेले ते धाकट्याला पुढे आठवले की चीडच यायची, कारण ते फार चांगले होते. सगळ्या गड्यांनी धागे काढले. धागे भोकातून पलीकडे जात, पलीकडचे गडी ते ताणून धरत. धाकट्याची मुलगी लग्न ठरलं असतानाही कमरेला ताग गुंडाळून मागे मागे चालत भिंतीपर्यंत जायची, भोकापाशी धागा पलीकडच्या गड्याच्या हातात द्यायची आणि परत यायची. थोरल्याने ताग निवडला होता. धाकट्याने तो हातात घेऊन पाहिला. कोरडा, लांब तंतूचा, सोन्यासारखा. तो गड्यांना म्हणाला, सांभाळून वापरा, असा माल रोज येत नाही.

पेड वळायच्या दिवशी मात्र बोलावंच लागलं. पीळ बसत जातो तसा दोर आखडतो, दुसऱ्या टोकाने तो अंदाजाने सोडत यावं लागतं. दोन टोकांची हाकाटी असल्याशिवाय ते काम होत नाही. धाकट्याने चाकापाशी उभं राहून हाक दिली, “सोड.” भिंतीपलीकडून, लांबून, जाड आवाज आला, “सोडतोय.” पुन्हा, “ताण.” पुन्हा तिकडून, “ताणला.” दिवसभर तेवढेच शब्द. संध्याकाळी दोर वळून झाला तेव्हा धाकट्याचा घसा बसला होता आणि तो बायकोशी खुणांनी बोलत होता, पण चेहरा असा, की बायकोने त्याला दोनदा विचारलं, बरं आहे ना?

दोर थोरल्याच्या कढईत डांबरून निघाला. तरवाल्याने माणसं लावून तो नेला, नदीवर ताणला, आणि तर चालू झाली त्या दिवशी दोन्ही भावांना काठावर बोलावलं. गाव जमलं होतं. तर भरून पलीकडे गेली आणि परत आली. दोर पाण्यावर ताठ होता. तरवाला एरवी कमी बोलणारा, पण त्या दिवशी म्हणाला, की असा दोर मी पाहिला नाही, आणि हा दर वर्षी नवा लागेल, तोही इथूनच घेणार.

धाकट्याचं मन भरून आलं. गर्दी पांगत होती. तो थोरल्याजवळ गेला. इतक्या जवळून त्याने भावाला उजेडात बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. धाकटा म्हणाला, “दादा, तागाचं तू कबूल केलंस ना, तिथेच माझा सगळा राग गेला. खरं सांगतो.”

थोरला हसत होता. ते हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

“मी कबूल केलं? कबूल तू केलंस. पिळाचं.”

“मी पिळाचं? कधी?”

दोघंही वळले. अक्का तीन-चार बायकांत उभी होती. तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि तिला सगळं कळलं. ती पळाली नाही. समोर आली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “हो, मी खोटं बोलले. दोघांशी बोलले. माझ्या खोट्यावर महिनाभर तुम्ही भाऊ होतात. तुमच्या खऱ्यावर इतकी वर्षं काय होतात ते सांगा मला.”

थोरला काठी टेकत एका वाटेने गेला, धाकटा दुसऱ्या वाटेने. दुसऱ्या दिवशी धाकटा लांबणीत गेला तेव्हा भोकात पलीकडून विटा भरलेल्या होत्या. त्याने गवंडी बोलावला आणि अलीकडून त्यावर गिलावा करून घेतला. गिलावा ओला असताना तो हात लावून पाहत होता, नीट बसला का. त्याची बायको डबा घेऊन आली होती. ती मागे उभी राहून बघत होती.

“भिंत पाडता येत नाही ना तुम्हाला?” ती म्हणाली. “मग भिंतीपासून लांब जा.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसरीकडे जागा घ्या. लांब, सरळ. टेकडीच्या पायथ्याशी शेत पडून आहे कधीपासून. लांबण म्हणजे ही एकच जागा आहे का जगात?”

धाकट्याला संताप आला. तिच्या बोलण्यातलं चूक काही सापडेना म्हणून जास्तच आला. “हे इतक्या वर्षांत का नाही बोललीस?”

“इतक्या वर्षांत तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही दादांना विचारत होतात, अक्कांच्या तोंडून.”

तो रात्रभर कुशी बदलत राहिला. बापाची जागा सोडायची. बाप या पट्टीवर मागे मागे चालत म्हातारा झाला, आणि आपण ती सोडून शेतात चाक रोवायचं, तेही या वयात. पण तरवाल्याला पुढल्या वर्षी दोर लागणार होता आणि भोक तर बुजलं होतं, ते त्याने स्वतःच नीट गुळगुळीत करून घेतलं होतं. सकाळी उठून तो टेकडीच्या पायथ्याशी गेला.

त्याच सुमाराला आई गेली. शांतपणे, खालच्या मजल्यावर, महिना थोरल्याचा चालू असताना. तिच्या वस्तू फार नव्हत्या, पण अक्काने त्या सगळ्या एका गाठोड्यात बांधल्या आणि उचलून शिंप्याच्या घरी नेल्या. कुणी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, की वाटणी हा शब्द कुणी काढला तर मी जेवण सोडेन. कुणी काढला नाही.

शेत घेतलं, दगड वेचले, चाक रोवलं. छपराला दोन वर्षं लागली, तोवर ऊनपाऊस बघून काम. मुलगी लग्न होऊन गेली होती, पण जावई सरळ माणूस निघाला. तो हाताखाली आला. जागा खरोखर चांगली होती, बापाच्या लांबणीपेक्षाही लांब. धाकटा पहिल्यांदा कमरेला ताग बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे चालत गेला, अडथळा न येता. मधे एके ठिकाणी त्याची पाठ आपोआप ताठरली, भिंत आता लागणार म्हणून. तिथे काहीच नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला वाटलं, हे पंधरा वर्षांपूर्वी का नाही केलं, आणि दिवसभर तो सगळ्यांवर खेकसत राहिला.

मग एके सकाळी कुंपणाबाहेर थोरला उभा दिसला. काठीवर दोन्ही हात टेकून नुसता बघत होता. धाकट्याने लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तो कुंपणाबाहेरूनच जावयाला म्हणाला, की त्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचेल, सांग त्याला, चर खणून घे म्हणावं. धाकटा आठ हातांवर उभा होता. तो जावयाला म्हणाला, की सांग त्यांना, जमीन मी बघून घेतली आहे.

पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात पाणी साचलं. घोट्यापर्यंत. तागाचा एक गठ्ठा भिजला. धाकटा चिखलात उभा राहून फावड्याने चर खणत होता तेव्हा थोरला छत्री घेऊन कुंपणापाशी आलाच. तो काही बोलला नाही. ते न बोलणं धाकट्याला इतकं झोंबलं, की त्याने फावडं चिखलात रोवलं आणि नदीकाठच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा जावयाच्या डोक्यावरून सरळ भावाशी बोलला.

“बोल ना. काय म्हणायचंय ते बोल एकदा.”

थोरला म्हणाला, “चर अजून थोडा डावीकडे घे. उतार तिकडे आहे.”

उतार तिकडेच होता.

डांबराचा प्रश्न पुढच्या वर्षी आला. कढई थोरल्याकडे, आणि एवढ्या जाड दोराला पुरेल अशी दुसरी आसपास कुणाकडे नव्हती. धाकटा नवी करून घ्यायच्या गोष्टी करत राहिला आणि ते काम लांबणीवर पडत राहिलं. तरवाल्याचा दोर तयार होऊन पडला तेव्हा थोरल्याचा गाडा शेताच्या दारात येऊन उभा राहिला. गाडीवानाने सांगितलं, मालकांनी पाठवलंय, डांबर तापवून ठेवलं आहे. धाकट्याने गाडीवानाला बरंच सुनावलं. मग दोर गाड्यावर चढवायला लावला.

असं चालू झालं. दोर शेतात वळायचा, गल्लीत डांबरायचा. ताग कुणी घ्यायचा हे कुणी ठरवलं नाही, पण तो थोरला बघून घ्यायला लागला, कारण त्याच्याइतकं ते कुणाला कळत नव्हतं, आणि धाकटा येणारा प्रत्येक गठ्ठा नाकाशी धरून वास घ्यायचा. थोरल्याला ते दिसायचं. थोरला तयार दोर अंगठ्याने दाबून पिळाचा अंदाज घ्यायचा, आणि धाकट्याला ते दिसायचं. दोघं एका जागी बसले की दहा मिनिटांत खाणीचा दोर निघायचा आणि एक जण उठून जायचा. दुसऱ्या दिवशी परत. गाव म्हणायचं, दोरवाल्यांचं जमलं. धाकट्याला ते ऐकून डोक्यात तिडीक जायची. काय जमलं होतं? एक शब्दही कुणी मागे घेतला नव्हता.

थोरला आजारी पडला तो पुढच्या हिवाळ्यात. धाकटा रोज खाली जाऊन बसायचा. जिन्याखालची लाकडं आता पुतण्याने हलवली होती, वाट मोकळी होती. शेवटच्या दिवसांत थोरल्याचं बोलणं तुटक झालं होतं. एके दुपारी वहिनी पाणी आणायला आत गेली तेव्हा तो डोळे उघडून म्हणाला, “ताग चांगला होता.”

धाकट्याच्या जिभेवर उत्तर आलंच होतं. त्याने ते गिळलं. त्याने भावाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाला, “झोप आता, दादा.”

थोरला गेला. महिन्याभराने पुतण्या वर आला आणि म्हणाला, काका, लांबणीतली भिंत पाडून टाकू का? त्याचा स्वर असा होता, की आता सगळे रडतील आणि मिठ्या मारतील. गडी आले, भिंत अर्ध्या दिवसात पडली. एवढ्या तकलादू भिंतीने एवढी वर्षं खाल्ली, हे बघून धाकट्याला हसावं की कपाळ बडवावं कळेना. लोक येऊन सांगत होते, बरं झालं बाबा, शेवटी पडली एकदाची. तो मान हलवत होता.

सगळे गेल्यावर तो लांबणीच्या मधोमध उभा राहिला. एका अंगाला चाकाची जागा, दुसऱ्या अंगाला कढई, सगळं एका नजरेत. छप्पर गळत होतं. पुतण्या विचारत होता, आता चाक इकडे परत आणायचं का. धाकट्याने सांगितलं, नाही, टेकडीजवळची जागा जास्त लांब आहे आणि चर पण आता नीट वाहतोय. इथे तुम्ही तागाचं कोठार करा. मग त्याने पुतण्याला विटा मोजून लावायला सांगितल्या, फुटक्या वेगळ्या, चांगल्या वेगळ्या, आणि गाडा लवकर पाठव म्हणाला, कारण उद्या तरवाल्याच्या दोराचे पेड वळायचे होते आणि दुसऱ्या टोकाला हाक देणारा माणूस अजून ठरला नव्हता.

“मी येतो,” पुतण्या म्हणाला.

“तुला जमणार नाही,” धाकटा म्हणाला. “बरं, ये. सकाळी लवकर ये.”